नागपुरात प्राध्यापकी आणि संशोधनाच्या जागांसाठी अर्ज: जाहिरातीपासून मान्यतेपर्यंत

‘विद्यापीठात जागा निघाल्या’ असं कुणी सांगितलं, की आधी एकच विचारायचं: कुणाच्या? नागपुरात शिकवण्याच्या आणि संशोधनाच्या जागा किमान सहा वेगवेगळ्या ठिकाणांहून निघतात. प्रत्येकाचे नियम वेगळे, अर्जाचा नमुना वेगळा, जातीच्या दाखल्याचा नमुनाही वेगळा. बहुतेक अर्ज उमेदवार कमी पडतो म्हणून बाद होत नाहीत. चुकीच्या नियमाने भरलेला अर्ज किंवा मागे कागद नसलेला दावा, हीच कारणं बहुतेक वेळा असतात.

१. आधी मालक कोण ते ओळखा

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांतल्या, म्हणजे अमरावती रोडच्या कॅम्पसवरच्या वगैरे जागा विद्यापीठ स्वतः भरतं. संलग्न महाविद्यालयातली जागा मात्र ते महाविद्यालय चालवणारी संस्था भरते. तिथे विद्यापीठ फक्त निवड समितीवर प्रतिनिधी देतं आणि शेवटी मान्यता देतं. या विद्यापीठाचं कार्यक्षेत्र नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया. चंद्रपूर-गडचिरोलीची महाविद्यालयं २०११ पासून गोंडवाना विद्यापीठाकडे गेली आहेत, त्यामुळे तिथली मान्यता गडचिरोलीहून येते.

शासकीय महाविद्यालयं हा वेगळाच रस्ता आहे. मॉरिस कॉलेज, म्हणजे आताची वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था, किंवा शासकीय विज्ञान संस्था, इथे कायम पदासाठी प्राचार्यांकडे अर्ज देऊन काही होत नाही. ती पदं महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरतात.

व्हीएनआयटी (अभियांत्रिकी), एम्स (वैद्यकीय), आयआयएम (व्यवस्थापन), ट्रिपल आयटी (माहिती तंत्रज्ञान) या राष्ट्रीय संस्था. वर्ध्याचं हिंदी विश्वविद्यालय केंद्रीय. पशुवैद्यक आणि मत्स्य विज्ञानासाठी माफसू (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ) आहे, रामटेकला कालिदास संस्कृत विद्यापीठ आहे. निव्वळ संशोधनासाठी नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था), कापूस संशोधन संस्था, मृद सर्वेक्षण ब्युरो, लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था. यातल्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) संस्थांमधली प्रवेश पातळीवरची शास्त्रज्ञ पदं एआरएस (कृषी संशोधन सेवा) परीक्षेतून भरली जातात. संस्थेच्या दारात मिळतात त्या प्रकल्पाच्या तात्पुरत्या जागा.

२. पात्रता तपासा, आणि दशांश सोडू नका

कला, वाणिज्य, विज्ञान शाखांत सहायक प्राध्यापकासाठी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे नियम लागतात. पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के आणि नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा). यूजीसीच्या २००९ किंवा २०१६ च्या पीएचडी नियमांनुसार पीएचडी झालेल्यांना त्या नियमावलीत नेट-सेटमधून सूट आहे. ती सूट तुमच्या जाहिरातीत कशी लिहिली आहे, ते शब्दशः वाचा. विद्यापीठाच्या विभागांत पीएचडी सक्तीची होणार होती, पण जुलै २०२३ पासून ती अट काढली. आता किमान अट नेट-सेटची आहे.

अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रिमिलेअर ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्के सवलत आहे. ईडब्ल्यूएसला (आर्थिक दुर्बल घटकाला) ती नाही. आणि ५४.९६ म्हणजे ५५ नव्हे. छाननीच्या टेबलावर कुणी वर ओढून घेत नाही. गुणपत्रिकेवर फक्त सीजीपीए असेल तर इंटरनेटवरच्या सूत्राने टक्के काढू नका. ज्या विद्यापीठाची पदवी आहे तिथूनच रूपांतराचं प्रमाणपत्र आणा.

इथले तीन सापळे लक्षात ठेवा.

पहिला नेटचा. जून २०२४ पासून निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह (संशोधनाच्या फेलोशिपसह) सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेश, आणि फक्त पीएचडी प्रवेश. तिसऱ्या गटात नाव आलं म्हणजे ‘नेट झाली’ असं घरी सांगायला हरकत नाही, अर्जात मात्र लिहिता येत नाही. त्या गटाला प्राध्यापकाची पात्रता नाही.

दुसरा सेटचा. महाराष्ट्राची सेट पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं. आता दिलेली सेट राज्याबाहेर चालत नाही. जबलपूर, रायपूर, हैदराबाद इथल्या जाहिराती नागपूरकरांना जवळच्या वाटतात. तिथे नेटच लागते.

तिसरा अभियांत्रिकीचा. तिथे एआयसीटीईचे (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे) २०१९ चे नियम आहेत. बीई आणि एमई, दोन्हींपैकी एकात तरी प्रथम श्रेणी. नेट लागत नाही. पण त्याच कॉलेजातली भौतिकशास्त्राची किंवा गणिताची जागा असेल तर तिच्या ओळीतली पात्रता वेगळी वाचा. व्हीएनआयटीत पुन्हा निराळं: तिथे पीएचडी हवीच, आणि सहायक प्राध्यापकाचेही ग्रेड-२ आणि ग्रेड-१ असे थर आहेत.

३. जाहिरातीची एकच ओळ नीट वाचा

स्थानिक दैनिकांत चार बोटांची जाहिरात येते. समजा त्यात असं आहे: ‘सहायक प्राध्यापक, इतिहास, १ पद, इ.मा.व., पूर्णवेळ, अनुदानित.’ या ओळीतला शेवटचा शब्द सर्वांत महागाचा. अनुदानित म्हणजे पगार शासनाकडून, सुरुवात लेव्हल १० ला ५७,७०० मूळ वेतनापासून, अधिक भत्ते. विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित म्हणजे पगार संस्थेच्या तिजोरीतून. कागदावर वेतनश्रेणी तीच असली तरी हातात किती पडतं, हे तिथे आधीपासून शिकवणाऱ्यांना विचारून घ्या. ‘अनुदानित’ हा शब्दच नसेल तर विनाअनुदानित समजून चाला.

‘इ.मा.व.’ (इतर मागासवर्ग) हे बिंदूनामावलीतून, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गाचं हे ठरवणाऱ्या तक्त्यातून, आलेलं आरक्षण. विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून ती तपासून घ्यावी लागते आणि उच्च शिक्षण सहसंचालकांची भरतीला ना-हरकत लागते. जाहिरातीत या पत्रांचे क्रमांक किंवा निदान उल्लेख असेल तर बरं लक्षण. एकही उल्लेख नसलेली अनुदानित जागेची जाहिरात दिसली तर अर्ज जरूर करा, पण कॉलेजच्या कार्यालयात फोन करून ना-हरकत आली आहे का, हे विचारा. अल्पसंख्याक संस्थांना आरक्षण लागू नसतं, त्यांच्या जाहिरातीत तो रकाना रिकामा दिसला तर दचकू नका.

तारीखही बघा. ‘जाहिरात प्रसिद्ध झाल्यापासून १५ दिवसांत’ असं असेल तर वर्तमानपत्राचं ते पान तारखेसकट कापून ठेवा. पुढे वाद झाला तर हाच पुरावा.

४. स्वतःचे गुण स्वतः मोजा

कुणाला मुलाखतीला बोलवायचं, याचा तक्ता यूजीसीच्या नियमांतच आहे. विद्यापीठासाठी ३-अ, महाविद्यालयांसाठी ३-ब. दोन्ही शंभराचे, पण वाटणी वेगळी. हा तक्ता कागदावर मांडल्याशिवाय अर्जाला हात लावू नका.

विद्यापीठाच्या तक्त्यात पदवीला ८० टक्क्यांवर १५, ६० ते ८० ला १३, ५५ ते ६० ला १०, ४५ ते ५५ ला ५. महाविद्यालयाच्या तक्त्यात हेच २१, १९, १६, १०. पदव्युत्तरला दोन्हीकडे सारखेच: ८० वर २५, ६० ते ८० ला २३, त्याखाली २०. पीएचडीला विद्यापीठात ३०, महाविद्यालयात २५. पुढचे आकडे आधी विद्यापीठाचे, मग महाविद्यालयाचे: जेआरएफसह नेट ७ आणि १०, नुसती नेट ५ आणि ८, सेट ३ आणि ५. संशोधन लेखाला प्रत्येकी २, कमाल १० आणि ६. अध्यापनाच्या किंवा पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या प्रत्येक वर्षाला २, दोन्हीकडे कमाल १०. पुरस्कारांना जास्तीत जास्त ३.

एक उदाहरण मांडून बघू. बीए ५८ टक्के, एमए ६२, नेट, पीएचडी, तीन लेख, दोन वर्षांचा ग्राह्य अनुभव. विद्यापीठात १० + २३ + ५ + ३० + ६ + ४ = ७८. महाविद्यालयात १६ + २३ + ८ + २५ + ६ + ४ = ८२. दुसरी उमेदवार बीएस्सी ८१, एमएस्सी ७९, फक्त सेट, बाकी काही नाही. विद्यापीठात १५ + २३ + ३ = ४१, महाविद्यालयात २१ + २३ + ५ = ४९. तिने विद्यापीठाच्या विभागातल्या एका जागेसाठी नऊ संच झेरॉक्स काढत बसण्याआधी हा आकडा बघावा. पीएचडी हातात येईपर्यंत महाविद्यालयांकडे मोर्चा वळवणं शहाणपणाचं.

लेखांचा हिशेबही इथेच कळतो. महाविद्यालयासाठी तीन आणि विद्यापीठासाठी पाच लेख झाले की रकाना भरला. सोळावा लेख पैसे मोजून कुठल्यातरी नियतकालिकात छापून आणण्याने एक गुणही वाढत नाही. यूजीसीची केअर यादी (मान्य नियतकालिकांची) २०२५ मध्ये बंद झाली. त्याआधीच्या लेखासाठी, तो छापून आला त्या काळात नियतकालिक यादीत होतं, याचा स्क्रीनशॉट किंवा प्रिंट जोडा. आताच्या लेखासाठी नियतकालिकाचं तज्ज्ञ परीक्षणाचं धोरण आणि आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक) असलेलं पान जोडा. नावात नाव मिसळून काढलेली नकली नियतकालिकं बरीच आहेत; मूळ प्रकाशकाच्या संकेतस्थळावरून खात्री करा.

२०१८ च्या नियमांत हे गुण फक्त गाळणीसाठी आहेत. अंतिम निवडीत मुलाखतीला किती वजन, हे राज्याच्या निर्णयांनुसार बदलतं. त्या भरतीच्या जाहिरातीत जे छापलं असेल तेच धरा, मागच्या वर्षीच्या मित्राचं नको.

५. कागद: प्रत्येक गुणामागे एक

ही फाइल एकदाच बांधा आणि दर जाहिरातीला वापरा.

- दहावीपासून पदव्युत्तरपर्यंतच्या सर्व गुणपत्रिका. शेवटच्या वर्षाचीच नको, प्रत्येक सत्राची.
- पदवी प्रमाणपत्रं, पीएचडीची अधिसूचना आणि पदवी. मौखिक परीक्षा झाली म्हणजे पीएचडी झाली असं होत नाही. अधिसूचनेची तारीख अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीची हवी.
- पीएचडी २००९ किंवा २०१६ च्या नियमांनुसार झाल्याचं विद्यापीठाचं प्रमाणपत्र. जुलै २००९ पूर्वी नोंदणी असेल तर पाच अटींचं प्रमाणपत्र: नियमित पद्धत, दोन बाह्य परीक्षक, खुली मौखिक, दोन लेख, दोन परिषदांतलं सादरीकरण. हे मिळायला आठवडे लागतात. जाहिरातीची वाट न पाहता आजच अर्ज टाका.
- नेट किंवा सेटचं प्रमाणपत्र. निकालपत्र वेगळं, प्रमाणपत्र वेगळं.
- अनुभवाची पत्रं: नियुक्ती आदेश, विद्यापीठाची मान्यता, कार्यमुक्ती.
- अधिवास, आधार, पॅन, आणि मागितलं असेल तर लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र.
- सध्या नोकरीत असाल तर ना-हरकत. ती वेळेत मिळत नसेल तर आगाऊ प्रत थेट पाठवा आणि ‘मूळ अर्ज योग्य मार्गाने येत आहे’ असं वर लिहा.

लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र प्रत्येक संचात, गुणपत्रिकांच्या अगदी आधी लावा. ‘देशमुख’ आणि ‘वानखेडे’ ही एकच बाई आहे, हे छाननी करणाऱ्याने ओळखायचं नसतं, तुम्ही सांगायचं असतं. आणि मूळ कागदांना लॅमिनेशन करू नका.

६. जातीचे दाखले: राज्याचा नमुना, केंद्राचा नमुना

सर्वांत जास्त माणसं इथे अडकतात, म्हणून जरा थांबून वाचा.

राज्य विद्यापीठ आणि महाविद्यालयांसाठी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि, लागू असेल त्यांना, मुदतीतलं नॉन-क्रिमिलेअर. नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. एप्रिलमधल्या जाहिरातीला मार्चमध्ये संपलेला कागद लावणारे दरवर्षी निघतात. ‘आपले सरकार’ किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातल्या सेतू केंद्रातून तो वेळेत नवा करा.

व्हीएनआयटी, एम्स, नीरी, हिंदी विश्वविद्यालय यांना हाच दाखला चालत नाही. त्यांना केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी-एनसीएल (नॉन-क्रिमिलेअर) दाखला लागतो, आणि तो चालू आर्थिक वर्षातला मागतात. शिवाय तुमच्या जातीचं नाव केंद्रीय यादीत हवं. राज्यातले विजा (विमुक्त जाती), भज (भटक्या जमाती), विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग) हे गट केंद्रात नाहीत. जात केंद्रीय ओबीसी यादीत असेल तर ओबीसी म्हणून अर्ज करायचा. राज्याचं एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण केंद्रीय संस्थांत नाही. तिथे ईडब्ल्यूएसच्या अटीत बसत असाल तर तो दाखला केंद्राच्या नमुन्यात काढा. सेतूच्या खिडकीवर ‘केंद्राचा’ हा शब्द स्पष्ट म्हणा, नाहीतर सवयीने राज्याचा हातात येतो.

७. अर्ज भरा आणि पोहोचवा

आता बहुतेक अर्ज ऑनलाइन असतात, पण ऑनलाइन भरून त्याची छापील प्रत जोडपत्रांसह पाठवायची, ही पद्धत अजून आहे. छापील प्रत गेली नाही तर ऑनलाइन अर्जाला अर्थ नाही. किती संच, तेही बघा.

रकाने भरताना ‘सोबत जोडले आहे’ असं लिहू नका. गुण, वर्ष, विद्यापीठ, टक्केवारी सगळं लिहा आणि पुढे जोडपत्राचा पान क्रमांक टाका. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग क्रमांक, वर एक अनुक्रमणिका, प्रत्येक झेरॉक्सवर स्वतःची सही. छाननी करणाऱ्याला एका अर्जाला मोजकी मिनिटं मिळतात. ‘पान ४३’ लिहिलेलं असलं की तो ४३ उघडतो, नसलं की पुढच्या अर्जाकडे जातो.

एका जाहिरातीत दोन विषय किंवा दोन पदं असतील तर दोन स्वतंत्र अर्ज आणि दोनदा शुल्क. धनाकर्ष (डीडी) मागितला असेल तर मागे नाव, पद आणि जाहिरात क्रमांक लिहा, आणि झेरॉक्स ठेवा. पाकिटावरही पद, विषय आणि प्रवर्ग ठळक.

‘शेवटची तारीख’ म्हणजे पोहोचण्याची, टाकण्याची नव्हे. टपालातल्या उशिराला विद्यापीठ जबाबदार नाही, हे वाक्य जाहिरातीत असतंच. नागपुरात राहत असाल तर टपाल कशाला? स्वतः जा, आवक शाखेत द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. मात्र विद्यापीठाच्या इमारती शहरात विखुरलेल्या आहेत. सिव्हिल लाइन्सला जायचं की अमरावती रोडला, हे जाहिरातीतला पत्ता वाचून ठरवा. शेवटच्या दिवशी दुपारी चारला हे कळलं तर ऑटोवालाही काही करू शकत नाही. बाहेरगावाहून पाठवत असाल तर, नोंदणी टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. जाहिरातीत जुन्या सवयीने ‘आरपीएडी’ (पोहोच-पावतीसह नोंदणी टपाल) असलं तरी स्पीड पोस्टच करा आणि पोहोच-पावती मागा.

८. सीएचबी घ्यायची का?

जून-जुलैत महाविद्यालयं तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, माणसं घेतात. थेट मुलाखत असते, मानधन तासावर आणि बरेचदा महिनोन्‌महिने उशिरा. वर्गात उभं राहायची सवय आणि विद्यार्थ्यांशी ओळख होते, हा फायदा खरा. पण अनुभव म्हणून ती वर्षं मोजली जातीलच असं धरू नका. यूजीसीच्या नियमानुसार तात्पुरती सेवा धरायची तर तीन गोष्टी हव्यात: त्या वेळी पूर्ण पात्रता, रीतसर निवड समितीतून नेमणूक, आणि एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नसणं. तिसऱ्या अटीवर सीएचबीची बहुतेक वर्षं गळतात. तरीही दर वर्षाचा आदेश आणि विद्यापीठाचं मान्यता पत्र सत्र संपायच्या आत हातात घ्या. प्राचार्य बदलले की जुनी कपाटं उघडायला कुणी तयार नसतं.

९. प्रकल्पातल्या संशोधनाच्या जागा

नीरी, व्हीएनआयटी, विद्यापीठाचे विभाग इथे प्रकल्पाच्या जागा सतत निघतात आणि दहा-पंधरा दिवसांत भरतात. त्यामुळे त्यांच्या संकेतस्थळांचं भरतीचं पान आठवड्यातून एकदा उघडा. २०२३ च्या केंद्रीय दरांनुसार जेआरएफला महिना ३७,०००, एसआरएफला (वरिष्ठ फेलोला) ४२,०००, रिसर्च असोसिएटच्या पहिल्या पायरीला ५८,००० आणि वर घरभाडे. घरभाड्यासाठी शहरांचे वर्ग आहेत: नागपूर वाय वर्गात आहे, पुणे-मुंबई एक्स वर्गात. म्हणजे त्याच फेलोशिपचा इथला घरभाडे भत्ता कमी. पुण्याच्या मित्राच्या आकड्याशी तुलना करून वाद घालू नका. प्रोजेक्ट असोसिएटला नेट किंवा गेट असलेल्यांसाठी एक दर आणि नसलेल्यांसाठी खालचा दर असतो.

प्रकल्प संपला की पद संपतं. जाहिरातीत ‘एक वर्ष, वाढू शकते’ असतं. प्रकल्पाची मुळात किती मुदत उरली आहे, हे मुलाखतीत विचारायला संकोचू नका. आणखी एक: पीएचडी करण्यात गेलेला काळ अनुभवात धरत नाहीत. सुट्टी न घेता शिकवता शिकवता केलेली पीएचडी याला अपवाद.

१०. मुलाखत

मूळ कागद अर्जातल्याच क्रमाने लावा, सोबत एक साक्षांकित संच. नऊची वेळ असेल तर साडेआठला पोहोचा; थेट मुलाखतीची नोंदणी ठरल्या वेळी बंद होते.

प्रात्यक्षिक तास बहुधा पाच-दहा मिनिटांचा. आपल्या पीएचडीचा विषय घेऊन उभे राहू नका. नागपूर विद्यापीठाच्या चालू अभ्यासक्रमातला बी.ए. किंवा बी.एस्सी. दुसऱ्या सत्राचा एखादा घटक घ्या, फळ्यावर एक आकृती किंवा एक उतारा, आणि शेवटी एक प्रश्न. पदवीला नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून लागू झालं आहे. मेजर, मायनर, श्रेयांक म्हणजे काय आणि तुमच्या विषयाची सध्याची मांडणी कशी आहे, हे विचारतातच. संशोधनाबद्दल ‘तुम्ही नवीन काय सांगितलं?’ याचं उत्तर दोन वाक्यांत तयार ठेवा, मराठीतही आणि इंग्रजीतही.

‘जागेचा भाव’ सांगणारा माणूस या टप्प्यावर भेटू शकतो. निवड समितीत विद्यापीठाचे, शासनाचे प्रतिनिधी आणि बाहेरचे विषयतज्ज्ञ असतात. मधल्या माणसाच्या शब्दाला पावती नसते आणि पैसे परत मागायला दारही नसतं. घरची जमीन विकून या वाटेला जाऊ नका.

११. निवड झाली, पण पेढे जरा थांबून

महाविद्यालयात निवड झाल्यावर संस्था नियुक्ती आदेश देते. तिथून दोन कागद सुरू होतात: विद्यापीठाची वैयक्तिक मान्यता आणि सहसंचालक कार्यालयातली वेतननिश्चिती. अनुदानित पदाचा पगार या दोन्हींनंतर शासनाच्या सेवार्थ या वेतन प्रणालीतून निघतो, आणि पहिला पगार हाती यायला काही महिने सहज जातात. तेवढ्या घरखर्चाची सोय आधी करा. जुन्या नोकरीचा राजीनामा तोंडी निरोपावर देऊ नका; लेखी आदेश हातात आल्यावरच द्या आणि कार्यमुक्तीचं पत्र घेऊन निघा.

रुजू होताना रुजू अहवालाच्या तीन प्रती करा आणि तिसरीवर कार्यालयाची आवक घ्या. निवड समितीचा अहवाल विद्यापीठाकडे कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने गेला, हे कॉलेजच्या बाबूंकडून लिहून घ्या. महिनाभराने विद्यापीठात चौकशीला गेलात, की खिडकीवर पहिला प्रश्न त्या क्रमांकाचाच येतो.